डाव्या अंगाचा दिवा

गाडीचा डावा दिवा आधी गुलाबी पडायचा आणि मग विझायचा. बटण बंद करून पुन्हा दाबलं की पेटायचा, थोडा वेळ नीट चालायचा आणि मग परत गुलाबी. मनसारामने आठवडाभर ते चालवून घेतलं. पण गुरुवारी पहाटे अंधारात रोशनीला गडचिरोलीला पोचवायचं होतं, आणि तेव्हा असला दिवा चालणार नव्हता.

रोशनी त्याची एकुलती एक मुलगी. पोलीस भरतीची मैदानी चाचणी गडचिरोलीला होती. साडेपाचला मैदानाचं गेट बंद होईल, नंतर आलेल्याला आत घेतलं जाणार नाही, असं मोबाइलवरच्या निरोपात स्पष्ट लिहिलं होतं. मागच्या भरतीच्या वेळी तिची आई, गोकुळा, दवाखान्यात होती. रोशनी मैदानावर गेलीच नाही, आईच्या खाटेजवळ बसून राहिली. आता पुढच्या भरतीपर्यंत तिचं वय निघून जाणार होतं. म्हणजे हीच वेळ. हुकली की संपलं.

पहाटेची पहिली बस वेळेत पोचत नव्हती. आदल्या दिवशी जाऊन राहावं, तर आदल्या दिवशी गोकुळाचं वर्षश्राद्ध होतं.

"आईचं वरीस सोडून मी नाई जात," रोशनी म्हणाली. "पहाटे निघू न. आपली गाडी आहे."

मनसाराम दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी घेऊन वडशाला मिथुनच्या दुकानावर गेला.

मिथुन गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम करायचा. हिवाळ्यात नाटक कंपन्यांच्या गाड्या त्याच्या दारात रांग लावून उभ्या असत. मनसारामही त्या दिवसांत कलाकारांना गावोगाव पोचवायचा, आणि बाकीचं वर्ष गावच्या तलावात मासे धरायचा. त्याची गाडी काळी, लांबलचक, नागपूरच्या एका ठेकेदाराने वापरून विकलेली. तिचे दिवे साध्या गाडीसारखे नव्हते, झेनॉनचे होते. गावात कोणाकडे तसे नव्हते, म्हणून सुरुवातीला पोरं बघायला यायची.

"बल्ब गेला का डबा गेला, ते पाहू आधी," मिथुन म्हणाला. डबा म्हणजे दिव्याच्या मागचं यंत्र, जे झटका देऊन बल्ब पेटवतं. त्याने दोन्ही बल्ब काढले, डाव्याचा उजवीकडे आणि उजव्याचा डावीकडे घातला, आणि दोघं चहा पीत बघत उभे राहिले. थोड्या वेळाने उजवा दिवा गुलाबी पडला.

"घ्या. दुखणं बल्बासंगं गेलं. डबा ठणठणीत आहे."

"मंग एक बल्ब दे."

"एक? एक डोळा नवरीचा अन् एक म्हातारीचा, असं दिसन भाऊ. नवा पांढरा पडन, जुना लाल. जोडी घ्या."

त्याने काउंटरवर तीन खोकी मांडली. बैठक तिन्हींची सारखीच, ह्याच गाडीत बसणारी, फरक रंगाचा. एकावर रंगाचा आकडा त्रेचाळीसशे लिहिला होता, दुसऱ्यावर सहा हजार, तिसऱ्यावर आठ हजार.

"आठ हजारवाला घ्या," मिथुन म्हणाला. "सगळे नाटकवाले हाच लावून राह्यले. निळा भक्क पडते. दुरून गाडी आली का लोक म्हणतात, हिरोईन आली."

"माह्या गाडीत हिरोईन नाई, पोट्टी बसणार आहे. आकडा मोठा म्हणजे उजेड जास्त का?"

मिथुनने डोकं खाजवलं. "तसं नाई. आकडा वाढला का रंग निळा होते. उजेड उलट कमीच. पण दिसाले भारी."

"लावून दाखव."

मिथुनने आठ हजारचा बल्ब डबा जोडून बॅटरीवर लावला. लगेच त्रेचाळीसशेचाही लावला. पेटताना दोन्ही निळेच वाटले.

"पाह्यलं? सारखेच आहेत. मंग निळाच घ्या न."

"थांब जरा. तापू दे."

तापल्यावर एक निळाच राहिला, दुसरा दुधावरच्या सायीसारखा झाला. मनसारामने शेजारच्या टपरीवरून चहाचं उकळतं पातेलं मागून घेतलं आणि दोन्ही बल्बांसमोर धरलं. निळ्याच्या पुढे वाफ नुसती पांढरी चमकली, पलीकडचं काही दिसेना. दुसऱ्याच्या उजेडात पलीकडच्या भिंतीवरचं कॅलेंडर निदान ओळखू येत होतं.

"ओ भाऊ, माह्या चहाची वाफ बिलात लावतो हं," टपरीवाला ओरडला.

"सायीवाला दे," मनसाराम म्हणाला. तलावावर हिवाळ्यात पहाटे धुकं असतं. पांढऱ्या बॅटरीपेक्षा कंदील बरा, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं.

मिथुन बल्ब बसवायला निघाला तेव्हा मनसारामने त्याचा हात धरला. "आता नको. आधी घरी नेतो, देवापाशी ठेवतो. मंग मीच बसवतो. तू कसं काढलं ते पाह्यलं न मी."

"तुमची मर्जी. पण काचेले हात लावू नका. बोटाचं तेल लागलं न, तर तापल्यावर बरोबर तिथूनच काच तडकते. अन् लाईट बंद असतानाच काम करा, डबा लय जोराचा झटका मारते. जुने बल्ब मंग फेकून द्या."

"ढिवराच्या घरी जुनं जाळं फेकत नसतात," मनसाराम म्हणाला.

घरी आल्यावर त्याने खोकं देवापुढे ठेवलं. बाजूलाच गोकुळाचा फोटो होता.

नवी वस्तू हळद-कुंकू लावल्याशिवाय गोकुळा वापरू द्यायची नाही. डोंगा असो, जाळं असो, कुकर असो. रोशनीच्या मोबाइललाही तिने मागच्या बाजूला टिकली लावली होती. गाडी आली तेव्हा चाकांना झालंच, शिवाय डाव्या दिव्याच्या काचेवर एक ठसठशीत टिळा. का, तर डावं अंग तिचं. डोंग्यात ती पुढे कंदील घेऊन बसायची आणि मनसाराम मागून बांबू मारायचा. पाण्यातला खुंट दिसला की ती सांगायची. गाडीतही ती डाव्या सीटवर बसून तेच करायची. डाव्या अंगाले सायकल. डाव्या अंगाले बैल. दिवसाढवळ्यासुद्धा.

"मले दिसते न वो," तो चिडायचा.

"तरी सांगतो," ती म्हणायची.

वर्ष झालं, नाटकवाले बसले तर बसले, पण घरचं कोणी त्या सीटवर बसत नव्हतं. रोशनी मागेच बसायची.

मनसारामने खोकं उघडलं. मिथुनचं सांगणं त्याच्या लक्षात होतं, म्हणून त्याने बोट वापरलं नाही. कापसाची वात घेतली, समईतल्या तेलात बुडवली, म्हणजे कुंकू धरून राहील, आणि पहिल्या बल्बच्या काचेवर एक टिळा टेकवला. काम नीट झालं असं त्याला वाटलं.

"बाबा, ते काय लावून राह्यले?" रोशनी धावण्याचा सराव करून आली होती, दारातच घाम पुसत होती.

"हात नाई लावला. वातीनं लावलं."

"पण तेल लागलं न काचेले! पुसा ते."

"कुंकू पुसू?"

गोकुळाला शेवटचं नेताना बायांनी तिचं कपाळ कुंकवाने भरलं होतं, ते दोघांनीही पाहिलं होतं. रोशनीने फोटोकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं आणि बादली घेऊन न्हाणीकडे गेली.

दुसऱ्या बल्बला मनसारामने काही लावलं नाही. फडक्याने धरून त्याने दोन्ही बल्ब बसवले, टिळ्याचा डावीकडे. बटण दाबलं. दोन्ही दिवे भरून आले आणि समोरची गोठ्याची भिंत उजळली.

"पेटला न?" तो मोठ्याने म्हणाला. न्हाणीत पाणी ओतल्याचा आवाज चालूच राहिला.

जुन्या बल्बांपैकी जो चांगला होता तो त्याने नव्याच्या खोक्यात घालून डिकीत ठेवला.

वर्षश्राद्धाचा दिवस पाहुण्यांत गेला. रात्री मनसारामला झोप आली नाही. पडल्या पडल्या त्याला ती वात दिसत होती. एकदा उठून तो अंगणात गेला, बॉनेटला हात लावला. कुंकू पुसायचं कसं? तसाच परत येऊन पडला.

चारच्या सुमारास दोघं निघाले तेव्हा धुक्यात समोरचा कडुनिंबही दिसत नव्हता. रोशनी मागे बसली, बूट मांडीवर घेऊन. मैदानावर पोचल्यावरच घालणार होती, चिखल लागू नये म्हणून. आरमोरीपर्यंत ठीक गेलं. नवा उजेड धुक्यात जितका शिरायचा तितका शिरत होता, आणि रस्त्याच्या डाव्या कडेचा पांढरा पट्टा स्पष्ट दिसत होता. डाव्या दिव्याच्या उजेडात मधोमध एक काळपट ठिपका गाडीबरोबर पुढे पुढे सरकत होता. मनसारामला तो कशाचा ते कळलं. रोशनीलाही कळलं असावं.

आरमोरीच्या पुढे जंगल लागतं तिथे वनखात्याच्या माणसाने बॅटरी हलवून गाडी थांबवली. कानटोपी, हातात काठी.

"कुठी?"

"गडचिरोली. पोट्टीची भरती आहे."

"जा. पण मधात थांबू नका, खाली तर उतरूच नका. वाघीण रस्त्याच्या काठाकाठानं फिरून राह्यली. परवा सरपणाले गेलेली बाई नेली तिनं."

"तुम्ही तर उभे आहे इथी," रोशनी मागून म्हणाली.

"माही नोकरी लागली आहे बाई. तुही लागाची आहे. जाय लवकर."

मनसारामने काच वर केली. जंगलात धुकं आणखी दाट होतं. त्याला गाडी हळू न्यावी लागली. समोरचं घड्याळ पुढे जात होतं, आणि रोशनी दर थोड्या वेळाने मोबाइल उघडून बघत होती. त्या उजेडाने आरसा चमकायचा.

"बंद ठेव तो."

"पाच वाजाले आले बाबा."

त्याने थोडा वेग घेतला. तेवढ्यात डावीकडे टच्च असा आवाज झाला, चुलीत लाकडाची गाठ फुटते तसा. आणि डावं अंग काळं झालं.

मनसारामने बटण बंद केलं, पुन्हा दाबलं. उजवा पेटला. डावा नाही. पुन्हा दाबलं. नाही.

"फुटला," रोशनी म्हणाली. तिने पुसायची गोष्ट काढली नाही.

डिकीत जुना बल्ब होता. पण डिकीपर्यंत जायचं म्हणजे उतरायचं, बॉनेट उघडायचं, दिव्याचं झाकण काढायचं, तापलेलं निवायची वाट बघायची. त्याने पाय ब्रेकवर ठेवला आणि परत उचलला.

उजव्या दिव्यात फक्त रस्त्याचा मध्य आणि पलीकडचं गवत दिसत होतं. तो मधून चालवू लागला. समोरून ट्रकचे दिवे आले, हॉर्न आला. त्याला डावीकडे सरकावं लागलं आणि चाक डांबर सोडून खाली उतरलं. गाडी हादरली. त्याने ती कशीबशी वर घेतली.

"वरचा लाईट मारा न बाबा!"

"नाई. वर मारला का समोर पांढरी भिंत. धुक्यात उजेड खालीच ठेवा लागते." तो थांबला. "तुले मागून काठ दिसते का?"

ती दोन सीटच्या मधून वाकली. "काहीच नाई दिसत."

"मंग समोर ये."

ती हलली नाही. गाडी बैलगाडीच्या वेगाने चालली होती. घड्याळ चालूच होतं.

"रोशनी. समोर ये. तुह्या आईच्या जागेवर."

ती दोन्ही सीटच्या मधून पाय टाकून पुढे आली. बूट खाली पडले. ती डाव्या सीटवर नीट बसलीसुद्धा नाही, गुडघ्यावरच राहिली.

"काच खाली कर. मोबाइलची बॅटरी लाव. हात बाहेर काढ अन् खाली धर, दाराला लागून. वर नको."

"बाहेर?" ती म्हणाली. बाहेर रस्त्याला लागून झुडपं होती. वनखात्याच्या माणसाने सांगितलेली परवाची बाई दोघांच्याही मनात आली.

"मी गाडी थांबवत नाई. तू नुसता पट्टा सांग."

रोशनीने हात बाहेर काढला. थंड, ओली हवा आत शिरली. मोबाइलच्या एवढ्याशा उजेडात चाकाजवळचा पांढरा पट्टा दिसला.

"पट्टा आहे," ती म्हणाली. "आहे. आहे. जवळ आला. थोडं उजवीकडे. आहे. पट्टा आहे."

तिचा आवाज सुरुवातीला कापत होता. मग सरळ झाला. मनसारामने तिच्या आवाजावर चाक धरलं आणि वेग थोडा थोडा वाढवला. झुडपात काहीतरी मोडल्याचा आवाज झाला. तिचा हात झटक्याने आत आला.

"काय होतं?"

"दिसलं नाई."

"पट्टा?"

तिने एकदा श्वास घेतला आणि हात पुन्हा बाहेर काढला. "आहे."

बराच वेळ असंच चाललं. मग ती ओरडली, "फांदी! बाबा, रस्त्यावर फांदी! पाल्याची!"

मनसारामने विचार केला नाही. रस्त्यावर ताजी फांदी म्हणजे पुढे कोणाची तरी गाडी बंद पडली आहे. त्याने चाक उजवीकडे मारलं आणि ब्रेक दाबला. डावीकडून धानाने भरलेली, उभी ट्रॉली अंगावर आल्यासारखी निघून गेली. मागे ना लाल दिवा, ना चमकणारी पट्टी. बाहेर आलेल्या एका पोत्याचं कापड रोशनीच्या दाराला घासलं. तिने हात वेळेत ओढून घेतला होता. वर पोत्यांवर घोंगडी पांघरून बसलेला माणूस "ओऽ" करून ओरडला आणि धुक्यात मागे राहिला.

मनसारामने गाडी परत डावीकडे घेतली.

"पट्टा सांग न," मनसाराम म्हणाला.

"आहे," रोशनी म्हणाली. ती रडत होती, पण पट्टा सांगत होती.

पोरला गावात दिव्याचे खांब लागले. इथे थांबून जुना बल्ब घालता आला असता. मनसारामने गाडी हळू केली.

"थांबवू नका," रोशनी म्हणाली. "वेळ नाई. मी सांगतो न."

पोरल्याच्या पुढे धुकं विरळ होत गेलं. गडचिरोलीत शिरताना तिने बूट घातले, नाड्या बांधल्या, कागदांची पिशवी दातात धरून केस घट्ट बांधले. मैदानापाशी पोरींची गर्दी आत गेलेली होती. एक शिपाई गेटची एक बाजू लोटून दुसरीला हात घालत होता. गाडी पूर्ण थांबायच्या आत रोशनी उतरली आणि धावत सुटली.

"अहो दादा, थांबा! दादा!"

शिपायाने मनगटावरचं घड्याळ बघितलं, तिच्याकडे बघितलं. "अर्धी चाचणी इथीच देऊन राह्यली का?" म्हणाला आणि एक माणूस जाईल एवढी फट ठेवली. ती आत गेली. गेट लागलं.

मनसाराम स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. उजाडल्यावर उतरला. त्याने बॉनेट उघडलं, दिवे बंद आहेत ना ते दोनदा पाहिलं, आणि फडक्याने डावा बल्ब काढला. काच टिळा लावला होता तिथूनच तडकली होती. कुंकू जळून काळं झालं होतं. त्याने फुटके तुकडे वेचले, खोक्यातला जुना बल्ब बसवला. पेटवून पाहिला तर थोडा लालसर पडला, पण पडला. तडकलेला बल्ब त्याने फेकला नाही. फडक्यात गुंडाळून समोर ठेवला.

रोशनी बाहेर आली तेव्हा ऊन चढलं होतं. गुडघ्याला माती, तोंड लाल.

"कशी झाली?"

"धावली. चांगली धावली. गोळा थोडा कमी गेला. यादी लागन तेव्हा कळन." ती पाणी प्यायली. मग तिने समोरचं फडकं उघडलं आणि बल्ब हातात घेऊन बघितला.

मनसाराम गाडीच्या चाकाकडे बघत होता. "मीच पुसलं असतं तर..."

"मी बी तर गेली होती न आंघोळीले. मीच पुसून टाकाचं होतं," रोशनी म्हणाली. तिने अंगठ्याने तो काळा डाग घासून पाहिला. निघाला नाही. तिने बल्ब परत गुंडाळला आणि समोरच्या कप्प्यात ठेवला. "मिथुनले दाखवू नका. गावभर सांगन."

मनसारामने गाडी चालू केली. रोशनीने मागचं दार उघडलं, पिशवी टाकली, दार लावलं आणि पुढे येऊन डाव्या सीटवर बसली. बूट काढून पाय वर घेतले, तिची आई घ्यायची तसे.

गावाबाहेर रस्त्याच्या कडेने एक म्हैस चालली होती. लख्ख ऊन होतं.

"डाव्या अंगाले म्हैस," रोशनी म्हणाली.

"मले दिसते न वो," मनसाराम म्हणाला.

"तरी सांगतो," ती म्हणाली.

त्याने हॉर्न न वाजवता गाडी म्हशीच्या बाजूने हळूच पुढे काढली.